अपॉस्ट्रॉफी कुठं लावायची? आधी चा-ची-चे बघा

परवा सोलापुरात नवी पेठेत एका बोर्डावर बघितलं, इंग्लिशमध्ये टॉवेल, त्यापुढं अपॉस्ट्रॉफी (’ ही खूण) आणि मग एस, खाली चादरीचं पण तेच, म्हणजे एस दिसला की त्याच्या डोक्यापाशी एक शेपटी लटकवायचीच असं ठरलंय काय बे? एकाचे अनेक झाले तर नुसता एस पुरतो. गठ्ठेच्या गठ्ठे असू द्यात, अपॉस्ट्रॉफी नाय.

मग लावायची कधी? तेच वाक्य मनात मराठीत बोला, चा-ची-चे आलं की थांबा आणि विचारा, मालक कोण? विणकराचा माग असेल तर वीव्हर, मग अपॉस्ट्रॉफी, मग एस. विणकरांचा माग असेल, म्हणजे रा वर अनुस्वार आला, तर आधी एससकट वीव्हर्स पूर्ण लिहा आणि अपॉस्ट्रॉफी त्याच्या मागं. आपला सगळा फरक एका टिंबात, इंग्लिशचा खूण एसच्या अलीकडं का पलीकडं यात. फक्त मेन, विमेन, चिल्ड्रन असली अनेकवचनं एसशिवायच होतात, म्हणून तिथं अपॉस्ट्रॉफी आधी, एस नंतर.

आणि शेंगांची चटणी? तिथं ची आहे, पण शेंगा काय चटणीच्या मालक नाहीत, कच्चा माल आहेत, त्यामुळं पीनट चटणी, खूण नाही एस पण नाही.

सगळ्यात जास्त लोक आपटतात ते इट्सवर, मी पण कितीतरी वर्षं आपटलो. इथं चा-ची-चे चालत नाही. त्याचा म्हणजे हिज, त्यात कुठं अपॉस्ट्रॉफी असते? तसंच वस्तूच्या इट्सला पण नाही, हर्सला नाही, युवर्सला नाही. इट इज किंवा इट हॅज असं फोडून वाचता आलं तरच लावायची, कारण तिथं ती गाळलेल्या अक्षरांची जागा धरून बसलेली असते, डोन्टमध्ये ओ गेलाय तसं.

बोर्डावर सिन्स 1970 लिहिताना पण शेवटी काही चिकटवू नका, सालच आहे ते.

आणि फ्लेक्सवाल्याला मजकूर मोबाईलवरनं पाठवणार असाल तर पाठवायच्या आधी एकदा परत वाचा, कीबोर्ड कधी कधी स्वतःच्याच मनानं इट्समध्ये अपॉस्ट्रॉफी घुसवतो आणि फ्लेक्सवाला तसंच छापून आणतो.