अजामीनपात्र गुन्हा दाखल झाल्यावर : वकिलाबरोबर काम करताना या चुका टाळा

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाल्याचं कळलं की घरात कोणीतरी म्हणतंच, ‘पोलीस स्टेशनला जाऊन साहेबांना नीट समजावून सांगू, मिटेल.’ ते तसं मिटत नाही. दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) नोंदला की तपास होणार आणि त्याचा अहवाल न्यायालयात जाणार. आरोपीचं मोठं नुकसान बहुतेक वेळा साक्षीपुराव्याच्या आधीच, पहिल्या पंधरवड्यात झालेलं असतं. बोलू नये तिथे बोललेलं, वाचू न देता सही घेतलेलं आणि वकिलाला न सांगितलेलं पुढे वर्षानुवर्षं भोवतं.

एफआयआर न वाचता धावाधाव

आधी एफआयआर हातात घ्या. ती २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून ती शोधता येते. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील गुन्ह्यांची एफआयआर तिथे दिसत नाही. अशा वेळी वकिलामार्फत नकलेसाठी अर्ज करावा लागतो.

वाचताना घटनेची तारीख पाहा. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुनी भारतीय दंड संहिता लागते, त्यानंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहिता. मग कलमं पाहा. जुनं ४२० म्हणजे आताचं ३१८(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्याच्या जोडीला ३१६(५), म्हणजे जुनं ४०९ (लोकसेवक, बँकर किंवा एजंटने केलेला विश्वासघात), लागलं असेल तर जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली आणि सगळं गणित बदललं. ‘फसवणुकीची केस आहे’ एवढंच फोनवर ऐकून वकील काहीच ठरवू शकत नाही.

नोटीस आली की दोन टोकं

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात थेट अटक करण्याऐवजी पोलिसांनी आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अटक करायचीच तर तिची कारणं नोंदवावी लागतात. काही जण ही नोटीस खिशात घालून गावी निघून जातात, आणि अटकेला आयतं कारण देतात. काही जण एकटेच जाऊन चार तास बोलत बसतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस कायदेशीर बजावणी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण म्हणून गप्प बसू नका. वकिलाकडून लेखी उत्तर पाठवा आणि पोच घ्या. जाल तेव्हा कागदपत्रं यादीसह द्या, यादीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.

पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ सांगतं. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नका. मोबाइल जप्त होत असेल तर पंचनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मेक, आयएमईआय क्रमांक, सिमकार्ड, मोबाइल चालू होता की बंद, तुमच्यासमोर पाकिटात सील झाला का, वेळ काय होती, हे त्यात असायला हवं. ‘एक काळ्या रंगाचा मोबाइल’ एवढंच लिहिलं असेल तर वकिलाला त्याच दिवशी कळवा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण त्याच संहितेच्या कलम १०५ नुसार सक्तीचं आहे. ते झालं की नाही हेही टिपून ठेवा.

भीतीपोटी चॅट डिलीट करणं ही तर आत्मघाती चूक. तीच संभाषणं फिर्यादीच्या मोबाइलमध्ये असतात आणि पुसल्याच्या खुणा फॉरेन्सिक तपासणीत सापडू शकतात. पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा लागतो आणि तुमच्या बाजूचे मेसेजही हातचे जातात. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ मोबाइल जपा, कारण अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडायचं असतं. सीसीटीव्ही तुमच्या बाजूचा असेल तर लगेच हालचाल करा. अनेक ठिकाणी काही आठवड्यांतच जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं.

अटकेच्या दिवशी

माणसाला नेमकं किती वाजता नेलं ते नातेवाइकांनी लिहून ठेवावं. शक्य असेल तर सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मिळवावं. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं असतं, आणि कागदावर अटकेची वेळ उशिराची पडली तर हीच नोंद उपयोगी येते. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यावी लागतात. ती दिली नसतील किंवा मारहाण झाली असेल तर पहिल्या रिमांडलाच, म्हणजे कोठडी मागायला न्यायालयात हजर करतात तेव्हाच, मॅजिस्ट्रेटना सांगा. पुढच्या तारखेला सांगितलं की ‘तेव्हा का नाही बोललात?’ हा प्रश्न येतो.

एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला म्हणजे पीसीआर (पोलीस कोठडी) संपला, असंही धरू नका. नव्या कायद्यात पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते.

वकील परवडत नसेल तर थांबू नका. कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा लोकअभिरक्षक कार्यालयाकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

वकिलापासून लपवणं

आधीची केस, फिर्यादीशी झालेला पैशांचा व्यवहार, धमकीचा एखादा मेसेज हे लाजेपोटी सांगितलं जात नाही. मग सरकारी वकील ते ‘से’ मध्ये, म्हणजे जामीन अर्जावरच्या लेखी म्हणण्यात, मांडतात आणि आपला वकील उभ्या उभ्या निरुत्तर होतो. तुम्ही वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे. पुढे करायच्या गुन्ह्याचा बेत मात्र त्यात येत नाही. तेव्हा वाईटातलं वाईट आधी सांगा.

सांगण्याची पद्धतही महत्त्वाची. तासभर हकिकत ऐकवण्यापेक्षा एक पानभर तारीखवार टिपण न्या. तारीख, काय झालं, त्याचा कागद कोणता, तिथे कोण हजर होतं, एवढंच. बँकेचं स्टेटमेंट नेताना वादातल्या नोंदींवर खूण करा.

‘जामीन नक्की करून देतो’ अशी खात्री देणाऱ्यापासून दूर राहा. निकालावर ठरलेली फी वकिली व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. फी कशाकशाची, हे आधी लेखी ठरवा. अटकपूर्व जामीन, रिमांड, हायकोर्ट आणि खटला ही वेगवेगळी कामं आहेत. वकील बदलायचा असेल तर आधीच्या वकिलाची एनओसी आणि सगळ्या नकला घ्या. दोन वकिलांकडून एकाच वेळी दोन अर्ज टाकू नका. आधीच्या जामीन अर्जांची माहिती नव्या अर्जात द्यावीच लागते, लपवली तर न्यायालयाचा विश्वास उडतो.

जामिनासाठी ‘इतकी रक्कम भरतो’ असं लिहून देण्याचा मोह पैशांच्या प्रकरणांत फार असतो. रक्कम भरता आली नाही की जामीन जातो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की अशा हमीवर जामीन देऊच नये. अर्ज गुणदोषांवर लढवा.

साठावा दिवस हुकणं

दोषारोपपत्र (चार्जशीट) ६० दिवसांत आलं नाही, किंवा गुन्हा मृत्युदंडाचा, जन्मठेपेचा वा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचा असेल आणि ९० दिवसांत आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क बनतो. मोजणी अटकेपासून होत नाही. मॅजिस्ट्रेटनी पहिला रिमांड दिला तो दिवस धरून ती होते. समजा, ३ मार्च २०२५ ला पहिला रिमांड झाला. मार्चचे २९ दिवस, एप्रिलचे ३०, म्हणजे साठावा दिवस १ मे. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, पण सुट्टीमुळे मुदत वाढत नाही. २ मे ला न्यायालय उघडताच अर्ज आत जायला हवा.

इथेच घात होतो. हा जामीन आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. दोषारोपपत्र अकरा वाजता दाखल झालं आणि तुमचा अर्ज बारा वाजता गेला तर हक्क संपला. म्हणून अर्ज आदल्या दिवशी टाइप करून ठेवा, त्यात जामीन द्यायची तयारी असल्याचं लिहा आणि दाखल केल्याची वेळ टाकून घ्या. ३१६(५) सारखं कलम मध्येच वाढवलं तर ६० चे ९० होतात, त्यामुळे प्रत्येक रिमांड अर्जातली कलमं वाचा. व्यापारी प्रमाणातले अमली पदार्थ आणि मोक्का यांच्या मुदती याहून लांब आहेत.

जामिनानंतरचा सैलपणा

जामीन मंजूर झाला तरी जामीनदार उभा राहेपर्यंत सुटका नाही. ऐपतीचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो. तोवर तात्पुरत्या रोख जामिनाची परवानगी अर्ज करून मागता येते. पोलीस ठाण्यातल्या हजेरीची नोंद स्वतःकडेही ठेवा. फिर्यादीला ‘समजवायला’ मित्राला पाठवू नका, जामीन रद्द व्हायला तेवढं पुरतं. केसचा सीएनआर क्रमांक (अक्षरं आणि अंक मिळून सोळा) ई-कोर्ट्स ॲपवर टाकून तारखा स्वतः पाहा. येता येत नसेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी वकिलाकडून जायला हवा, नाहीतर अजामीनपात्र वॉरंट निघतं.

दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्या की पानं मोजा. जबाब, पंचनामे, मोबाइलचा फॉरेन्सिक अहवाल आणि बँकेची पत्रं यांतलं काही कमी असेल तर लगेच लेखी मागा. फसवणुकीसारख्या, मॅजिस्ट्रेटपुढे चालणाऱ्या खटल्यात दोषमुक्तीचा (आरोप निश्चित होण्याआधीच केसमधून वगळण्याचा) अर्ज नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत करायचा असतो, सत्र न्यायालयात केस वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत. नकला ज्या दिवशी हातात आल्या ती तारीख पहिल्याच पानावर पेनाने लिहा आणि त्याच दिवशी वकिलाला कळवा.