ला मांचाची द्राक्षं आणि वाईन: शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

स्पॅनिश वाईन शिकायची म्हटलं की बहुतेक जण आधी रिओहा हा उत्तर स्पेनमधला प्रसिद्ध वाईन प्रदेश धरतात. नाशिकच्या वायनरीत काम करणाऱ्याने किंवा वाईनच्या परीक्षेला बसणाऱ्याने सुरुवात मध्य स्पेनमधल्या कास्तिया-ला मांचापासून करावी, असं आमचं ठाम मत आहे. स्पेनमधल्या द्राक्षबागांपैकी जवळपास निम्म्या इथे आहेत. कडक ऊन, पाण्याची टंचाई, झपाट्याने उतरणारी आम्लता हे इथले प्रश्न आपल्याही ओळखीचे आहेत.

आधी नकाशा पक्का करा. कास्तिया-ला मांचा हा अख्खा प्रदेश आणि ला मांचा ही त्यातली एक डीओ, म्हणजे हद्द आणि नियम ठरवून दिलेलं वाईनचं संरक्षित क्षेत्र. वाल्देपेन्यास, मान्चुएला, आल्मान्सा, मेन्त्रिदा या वेगळ्या डीओ आहेत. लेबलवर 'विनो दे ला तिएर्रा दे कास्तिया' असेल, तर द्राक्षं प्रदेशात कुठलीही असू शकतात. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

आता बाग. साधारण 700 मीटर उंचीचं पठार, वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि हिवाळ्यात शून्याखाली. जुन्या बागांत ना तार, ना मंडप. वेल बुटक्या झुडपासारखा सुटा उभा असतो. पारंपरिक अंतर दोन्ही बाजूंनी 2.5 मीटर, म्हणजे हेक्टरी 1,600 वेल. एवढी मोकळी जागा ओलाव्यासाठी सोडलेली असते. वेल दाट लावले तर कोरडवाहू जमिनीत ते एकमेकांचं पाणी ओढतात आणि मणी सुकतात. पसरलेली पानं घडांवर सावली धरतात, म्हणून पानं काढताना हात आखडता ठेवा. आपल्याकडची खरड छाटणी आणि फळछाटणी इथे डोक्यातून काढून टाका. छाटणी एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपेत असताना होते.

आयरेन हे इथलं मुख्य पांढरं द्राक्ष. घड मोठे, पाण्याचा ताण सोसण्याची ताकद जबरदस्त, सुगंध मात्र बेताचा. तिची बरीच वाईन वर्षानुवर्षं ब्रँडीसाठी ऊर्ध्वपातनाला गेली. तोमेयोसो हे त्याचं मोठं केंद्र. तरी जुन्या वेलांची, नीट केलेली आयरेन जरूर चाखा. रसाला हवा लागली की तो तपकिरी पडतो आणि होता तो सुगंधही जातो. म्हणून तोडणी रात्री करायची, रस थंड करायचा आणि स्टीलच्या टाकीत 14 ते 16 अंशांवर आंबवायचा. रसाला हवेपासून आणि जिवाणूंपासून जपणाऱ्या गंधकाचं गणित पाठ करा: पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमधून सुमारे 57 टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. 1,000 लिटर रसात लिटरला 50 मिलिग्रॅम हवा असेल, तर पावडर सुमारे 88 ग्रॅम लागते.

थेन्थिबेल म्हणजे इथला तेंप्रानियो, स्पेनचं प्रसिद्ध काळं द्राक्ष. तो लवकर पिकतो आणि नुसत्या ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) भरवसा ठेवणारे इथेच फसतात. साखर भरलेली दिसते, पण बी चावली तर हिरवी, तुरट लागते. बी तपकिरी होण्याची वाट पाहावी, तर तोवर आम्लता उतरते आणि पीएच 3.8 च्या वर जातो. मग गंधकाचा असर कमी पडतो आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. टार्टारिक आम्ल घालायचंच तर आंबवण्याआधी घाला. लिटरला 1 ग्रॅमने पीएच ढोबळमानाने 0.1 उतरतो; तरी आधी लहान नमुन्यावर करून बघा.

मान्चुएलाचं बोबाल हे काळं द्राक्ष नेमकं उलट. उशिरा पिकतं, आम्लता टिकवतं, साल रंगाने भरलेली. अडचण एकच: एकाच घडात काही मणी तयार, काही कच्चे. चाचणीसाठी घडाच्या खांद्यावरचेच मणी घेतले तर आकडा फसवा येतो. शेंड्याचे आणि सावलीतलेही घ्या. रोझे (गुलाबी वाईन) तर याची अप्रतिम होते.

आल्मान्सात गार्नाचा तिंतोरेरा हे काळं द्राक्ष भेटेल. मणी मधोमध कापा: गरसुद्धा लाल दिसतो. साध्या गार्नाचाचा गर रंगहीन असतो.

शेवटी लेबल. क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा हे शब्द वाईन किती मुरवली ते सांगतात. रेड वाईनसाठी देशपातळीचे किमान नियम असे: क्रियान्सा 24 महिने, त्यातले 6 लाकडी पिंपात, रेसेर्वा 36, त्यातले 12, ग्रान रेसेर्वा 60, त्यातले 18. रिओहात क्रियान्सालाच पिंपात 12 महिने लागतात, त्यामुळे दोन्हीकडच्या क्रियान्सा शेजारी ठेवून चाखताना ओकच्या पिंपाचा फरक आधी हिशेबात धरा, द्राक्षाबद्दल मत नंतर बनवा.