लेनापे नाव घेताना या चुका टाळा

ऑर्डर ऑफ द ॲरो ही अमेरिकी स्काउटांची मानाची संघटना. १९१५ साली डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंड बेटावरच्या शिबिरात ती सुरू झाली. व्हिजिल ऑनर हा तिचा सर्वोच्च सन्मान. तो मिळताना स्काउट एक रात्र एकट्यानं शेकोटी जागती ठेवतो आणि परंपरेनं त्याला लेनापे या अमेरिकी आदिवासींच्या भाषेतलं नाव मिळतं. इथे न्यू जर्सीत, म्हणजे लेनापेंच्याच मूळ भूमीत, आपली मराठी मुलंही स्काउटिंगमध्ये असतात. म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं.

पहिली चूक म्हणजे नाव इंग्रजीसारखं वाचणं. हे शब्द बहुतेक वेळा १८८८ च्या लेनापे–इंग्रजी शब्दकोशातून घेतलेले असतात आणि तो आधारलेला आहे मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांच्या जुन्या हस्तलिखितांवर. ती माणसं जर्मन वळणानं लिहीत. अस्वलाचा जुन्या स्पेलिंगमधला शब्द पाहा. ‘मॅच’सारखा दिसतो, पण त्यातला ‘सीएच’ घशातून घासत येणारा ख़ आहे: माख़्क. हाच शब्द ओक्लाहोमातले लेनापे आज ‘एक्स’ घालून लिहितात. स्पेलिंग वेगळं दिसलं तरी अस्वल तेच. संघटनेचं लेनापे नावही ‘विमॅचटेंडिएंक’ नाही. विमाख़्तेन्दीन्क असं म्हणा.

इथे मराठी आपल्या कामी येते. जर्मन वळणातला ‘झेड’ म्हणजे चाकातला च आणि ‘टीएससीएच’ म्हणजे चिंचेतला च. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक समजावून द्यावा लागतो, आपण तो रोज बोलतो. ‘जे’ दिसला तर य म्हणा.

दुसरी चूक जास्त खोल आहे: कोशातून दोन-तीन शब्द उचलायचे आणि ओळीनं जोडायचे. लेनापे भाषा एकाच लांब शब्दात अख्खं वाक्य मावेल अशी घडण करते. नोरा थॉम्पसन डीन (१९०७–१९८४) या लेनापे भाषेच्या मोठ्या जाणकार. त्यांचं नाव वेन्जीपाह्कीहेलेख़्क्वे. एकमेकींना स्पर्श करणारी पानं त्या एकाच शब्दात आहेत आणि शेवटचं ‘ख़्क्वे’ सांगतं की ही स्त्री आहे. असं शेपूट न पाहता मुलाला स्त्रीचं नाव देऊन बसू नका. उनामी आणि मुन्सी या दोन बोलींचे शब्दही एकाच नावात मिसळू नका.

उनामी मातृभाषा म्हणून बोलणारे शेवटचे एडवर्ड थॉम्पसन, नोराबाईंचे भाऊ, २००२ मध्ये गेले. त्या पिढीचे आवाज मात्र डेलावेअर ट्राइबच्या, म्हणजे लेनापेंच्याच, बोलत्या शब्दकोशात ऐकता येतात. समारंभात नाव पुकारणाऱ्यानं आधी तिथे जावं. शब्द तीनदा ऐकावा, मग देवनागरीत लिहून घ्यावा आणि इंग्रजी स्पेलिंगचा कागद बाजूला ठेवावा. ती अक्षरं समोर असली की जीभ पुन्हा ‘मॅच’कडेच वळते.