ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकसाठी पर्यायी तेल निवडताना

नेहमीचे तेल दुकानात मिळाले नाही, तर दुसरे घेण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दोन गोष्टी पाहाव्यात: गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकच तेल आहे का, आणि ब्रेक तेलात बुडालेले आहेत का. अनेक ट्रॅक्टरांत तेल एकच असते. तेथे खोदाई यंत्रांचे साधे ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल चालत नाही, कारण गिअरच्या दातांवरचा भार सोसणारी आणि ब्रेकचा कर्कश आवाज रोखणारी रसायने त्यात पुरेशी नसतात. ९० नंबरचे गिअर ऑइल थंडीच्या सकाळी इतके घट्ट होते की पंपाला ते नीट खेचता येत नाही. म्हणून ‘यूटीटीओ’ प्रकारातले (गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक या सर्वांसाठी बनवलेले ट्रॅक्टरचे तेल), पुस्तिकेतील स्पेसिफिकेशन क्रमांक डब्यावर छापलेले तेलच घ्यावे. रंग किंवा वास हा निकष मुळीच नव्हे.

जुन्या तेलात नवे मिसळू नये. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार सोडवून, लिफ्टचे हात पूर्ण खाली घेऊन इंजिन बंद करावे आणि तेल कोमट असतानाच ड्रेन प्लग काढावा. निघालेले तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. ते कोठून आले हे शोधल्याशिवाय महागडे तेल ओतू नये. फिल्टर बदलावा, जाळी धुवावी. डंपिंग ट्रॉलीच्या जॅकमध्येही जुने तेल उरते, हे बरेच जण विसरतात, तेही काढावे. मग प्लग लावून नवे तेल भरावे आणि इंजिन थोडे चालवून, लिफ्ट काही वेळा वर-खाली करून पातळी पुन्हा डिपस्टिकने तपासावी.