जुन्या, छोट्या सामायिक इमारतीत घर घेताना आणि राहताना

बेळगावात अनंतशयन गल्ली, रामदेव गल्ली, शहापूर, टिळकवाडी अशा जुन्या वस्त्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धापूर्वीची दगडी जोत्यांची, चुन्यातल्या भिंतींची आणि मंगलोरी कौलांची घरे अजून नांदती आहेत. त्यांपैकी एखाद्या इमारतीत पाच-सात बिऱ्हाडे सामायिक मालकीने किंवा सहकारी संस्था करून राहत असतील आणि तिथे तुम्ही घर घेणार असाल, तर आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे सर्वांत आधी समजून घ्यावे.

सहकारी इमारतींचे दोन प्रकार असतात. मुंबईत गावदेवीला १९१५ साली स्थापन झालेल्या सारस्वत गृहसंस्थेच्या पद्धतीत इमारत संस्थेच्या मालकीची राहते आणि सभासदाकडे भाग (शेअर) व राहण्याचा हक्क असतो; दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाचे घर स्वतःचे, पण जागा, जिना व छप्पर सामायिक असते. संस्था असेल तर भाग दाखला, उपविधी (संस्थेचे नियम) आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. वडिलोपार्जित वाड्याची वाटणी असेल तर सर्व वारसांच्या सह्या पाहाव्यात, कारण हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला आहे आणि बहिणीची सही राहून गेलेली वाटणी पुढे त्रास देते.

आपल्या भागात कागदपत्रे भाषेमुळेही काळजीपूर्वक वाचावी लागतात. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात असल्याने जुनी खरेदीखते मराठीत, काही तर मोडी लिपीत सापडतात, आणि आजचा महापालिकेचा खाते उतारा, म्हणजे मिळकतीच्या नोंदीचा कागद, कन्नडमध्ये असतो. आजोबांचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले असणे नवीन नाही, म्हणून मोडी वाचणारा आणि कन्नड जाणणारा अशा दोघांकडून सर्व कागद एकाच बैठकीत ताडून घ्यावेत. क्षेत्रफळही तपासावे, जुन्या कागदांतला एक चौरस वार म्हणजे सुमारे ०.८३६ चौरस मीटर.

घर पाहायला मात्र उन्हात एकदा आणि वळवाचा पाऊस पडून गेल्यावर एकदा, असे दोनदा जावे. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव हा अशा घराचा खरा परीक्षक आहे, कारण ज्या ठिकाणी छत ठिबकते तिथे लगेच खडूने खूण करता येते आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे साधारण ७ जूनच्या आत, शाकारणी करून घेता येते. शाकारणी म्हणजे फुटकी कौले बदलणे एवढेच नव्हे. कौले उतरवून वासे आणि रिपा वाळवीसाठी ठोकून पाहाव्यात, आढ्यावरच्या कौलांचे सांधे भरावेत आणि पन्हळी साफ कराव्यात. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरले की भिंत खालून ओल धरते, त्यामुळे पन्हळीचे तोंड भिंतीपासून दूर सोडलेले असावे. त्याच आकाराची शंभर-दोनशे जादा कौले जिन्याखाली ठेवलेली बरी. जुन्या साच्याची कौले पुढे मिळतीलच असे नाही.

भिंतीबाबत मी आग्रहाने सांगेन: चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओलावा बाहेर जाऊ देतो. सिमेंट तो आत अडवते. मग क्षार वर येऊन भिंतीला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत नवा गिलावाही निघू लागतो. भिजवून मुरवलेला चुना आणि चाळलेली वाळू यांचाच गिलावा करावा आणि तो लवकर वाळू न देता काही दिवस पाण्याने ओलसर ठेवावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होत असल्याने ही घाई करण्याची गोष्ट नाही. गवंडी सिमेंटचा हट्ट धरील. चुन्याचे काम केलेला जुना गवंडी शोधून त्याची वाट पाहिलेली परवडते.

लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग बदलून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवणे पहिल्याच वर्षी उरकावे.

यानंतर उरतात माणसे, आणि छोट्या इमारतीत खरी कसोटी इथेच लागते. पन्नास घरांच्या संकुलात एकाने वर्गणी थकवली तर काम अडत नाही. सहा घरांत एकाने हात आखडला की शाकारणीच राहते. म्हणून छपराचा खर्च फक्त वरच्या मजल्यावर न टाकता सर्वांनी घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घ्यावा, हे लेखी ठरवावे आणि दरमहा थोडी रक्कम दोघांच्या सहीच्या बँक खात्यात भरावी. इमारतीत सर्वांत जुन्या राहणाऱ्या काकूंना किंवा आजोबांना पहिल्या बैठकीतच बोलते करावे. कोणती भिंत कधी फुगली, विहिरीचे पाणी कोणत्या साली आटले, हे त्यांनाच ठाऊक असते. ते सारे एका जाड वहीत उतरवून घ्यावे आणि प्रत्येक शाकारणीची तारीख, बदललेल्या कौलांची संख्या, कारागिराचे नाव व झालेला खर्च त्याच वहीत लिहून ती सचिवाकडे ठेवावी, म्हणजे पुढच्या वळवाआधी कोणत्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, हे वही उघडताच कळेल.