जुनी पद्मिनी घरी दुरुस्त करून पुन्हा चालू करताय? या चुका टाळा

काकांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी चिपळूणला घरामागच्या शेडमध्ये ११ वर्षं उभी होती. टायर बसलेले, मागच्या सीटमध्ये उंदरांची घरटी, पण दारं अजून एका हाताने बंद व्हायची आणि स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्याचा गोळा काकांच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेला होता. ती टेम्पोत घालून पुण्याला आणली आणि साडेतीन वर्षं शनिवार-रविवार देऊन दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली. त्यातलं एक वर्ष तरी तेच काम दुसऱ्यांदा करण्यात गेलं, कारण आधी काय करायचं आणि नंतर काय हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. जे लिहितोय ते पद्मिनीबद्दल आहे, पण ॲम्बॅसेडर, जुनी जीप, अगदी डुक्कर फियाट (पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट) असली तरी बरंचसं लागू पडेल.

आल्या आल्या सेल्फ मारू नका

गाडी दारात उतरली की कोणीतरी बॅटरी घेऊन येतंच, आणि म्हणतं बघू तरी चालू होते का. नका बघू. इतकी वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, वर ऑइलचा थेंब नसतो, अशात सेल्फने जोर लावला की रिंग तुटते किंवा बोअरला चरे पडतात आणि मग लेथवाल्याकडे बोअर करून घेण्याशिवाय पर्याय उरत नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून दोन-तीन चमचे सोडा, चार-पाच दिवस विसरून जा. मग क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. माझं सहाव्या दिवशी हललं. एकदा मोकळं फिरायला लागलं की ऑइल बदला आणि मगच बॅटरी जोडा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पण आधी काढा, त्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि तो थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. आणि टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करायला जाऊ नका, अजिबात नाही. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि ती वाफच फुटते. हे काम रेडिएटर-टाकीवाले नीट धुऊन करतात, त्यांच्याकडेच द्या.

रंग सगळ्यात शेवटी

माझी सगळ्यात महाग चूक हीच. गाडी चमकली की घरच्यांनाही हुरूप येईल म्हणून मी पहिल्यांदा डेंटिंग-पेंटिंगला दिली. क्रीम रंग सुंदर आला, लोक थांबून फोटो काढायचे. दुसऱ्या पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडेला फोड आले, बोटाने दाबला तर आत लांबी (पुट्टी), लांबीच्या आत फायबरची जाळी आणि त्याच्या आत पत्राच नव्हता. गंज न काढता वरून झाकला होता. सगळं पुन्हा खरवडलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, बॉडी सडली तरी भार चासी घेते. पद्मिनीला वेगळी चासी नाही, तिची बॉडी हीच तिची चासी. त्यामुळे दारांखालची जी पोकळ पट्टी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाते, ती सडली म्हणजे गाडीचा कणा सडला, आणि त्यावर लांबी भरणं म्हणजे निव्वळ फसवणूक, मग ती गिऱ्हाइकाची असो नाहीतर स्वतःची. गाडी बघायला जाताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवा आणि तो कापडात गुंडाळून फिरवा. चिकटत नाही तिथे पत्रा नाही किंवा वर लांबीचा जाड थर आहे. दारांखालची पट्टी, मॅट उचलून पायाखालचा पत्रा, बॅटरीची पेटी, डिकीत स्टेपनीच्या खाली, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला लागतात तिथे, आणि पुढच्या काचेच्या रबराखाली, या जागा बघितल्याशिवाय सौदा करू नका. कोकणातली गाडी असेल तर दोनदा बघा.

पत्रा बदलताना सडलेली पट्टी एकदम कापून काढू नका. आधी दोन्ही बाजूच्या दारांच्या चौकटीत आडवा अँगल टाका, गाडी खालून सपाट टेकवा, मग एका बाजूचं कापा, ते जोडून झालं की दुसरी बाजू. आधार न देता कापलं की बॉडी मधून खाली बसते आणि मग दार काही केल्या बंद होत नाही, बिजागऱ्या कितीही वाकवा. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लाटा येतात, मिग वेल्डिंगवाला मिळाला तर बघा, तेही सलग ओढायचं नाही, एकमेकांपासून लांब छोटे-छोटे टाके मारत जायचं. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, सीट आणि मॅट बाहेर, आणि शेजारी आग विझवायचा सिलिंडर. दारांच्या तळाला पाणी जायची छोटी भोकं असतात, रंगारी ती हमखास बुजवतो, तार घालून मोकळी करा, कारण गंज तिथूनच परत सुरू होतो.

टू के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा रंग) घरी मारायचा विचार असेल तर रुमाल बांधून मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसात गेलं की कायमचा दमा लागू शकतो आणि साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही.

अर्थिंग

रंगानंतर आमच्या गाडीचे लाइट पिवळे-मिणमिणते झाले, सेल्फ कण्हत फिरायला लागला. मी नवीन बॅटरी आणली. फरक शून्य. मग एके दिवशी सेल्फ मारताना चोकची वायर एवढी तापली की वरचं आवरण वितळून धूर आला. कारण साधं होतं. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त अर्थच्या पट्टीने असतो. ती पट्टी मी नव्या कोऱ्या रंगावर नटबोल्टने कसली होती, रंगातून करंट जात नाही, म्हणून सेल्फचा सगळा करंट चोकच्या वायरीतून वाट काढत होता. पट्टीखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, घट्ट कसलं, वरून ग्रीस लावलं, झालं. तेव्हापासून कुठलाही विजेचा प्रॉब्लेम आला तर मी आधी अर्थ बघतो.

हॅलोजनचं पण तसंच. १०० वॅटचे दोन बल्ब म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर, तो सगळा जुन्या स्विचमधून नेला तर स्विच जळणारच. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाका, बॅटरीवरून फ्यूज लावून जाडी वायर घ्या. आणि गाडीला अजून डायनॅमो असेल तर लक्षात ठेवा, सिग्नलला उभं असताना तो जेमतेम चार्ज करतो. त्यावर पंखा, म्युझिक, मोठे लाइट असं सगळं चढवायचं असेल तर आधी अल्टरनेटर बसवा.

ब्रेक

यात काटकसर नको. चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन, म्हणजे एका व्हील सिलिंडरचा रबर फाटला तरी पेडल जमिनीला लागतं. उभ्या गाडीचे रबर बाहेरून चांगले दिसतात पण आतून कडक झालेले असतात, सगळे बदला, होजपाइपसकट. ब्रेक ऑइलच्या जागी दुसरं कुठलंही ऑइल घालू नका, रबर फुगतात आणि ब्रेक जाम होतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा दोन वर्षांनी गाडी कितीही कमी चालली तरी बदला. ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या प्रेशरने उडवायची सवय सोडा, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली शिरू नका, स्टँड लावा.

गरम झाली की बंद पडते

पद्मिनीवाल्यांचं हे कायमचं दुखणं, आणि यावर सगळ्यात जास्त पैसे उगाच जातात. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, मेकॅनिक कार्बोरेटर बदलतो, आठवड्याने पुन्हा तेच. बंद पडली की तिथल्या तिथे एवढं करा. एक प्लग काढून त्याच्या वायरीला जोडा, इंजिनला टेकवून ठेवा (पेट्रोलपासून लांब) आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी नाहीच, किंवा पिवळी अशक्त आहे, तर दोष करंटचा, बहुतेक वेळा कंडेन्सर नाहीतर कॉइल, जे थंड असताना ठीक चालतात आणि तापल्यावर दगा देतात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) काळे पडलेत का तेही बघा, गॅप फीलर गेजने ०.४ मिमीच्या पुढे-मागे ठेवा. कंडेन्सर छोटी वस्तू आहे, डिकीत एक जास्तीचा असू द्या, पण बसवून तपासून मग ठेवा कारण हल्लीचे नवे कंडेन्सर पण नवे असतानाच खराब निघतात.

ठिणगी निळी कडक आहे तर मग पेट्रोल. टाकीचं झाकण उघडा. फुस्स असा आवाज येऊन गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल ओढलं जात नाही. आवाज नाही आला तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका. हा पंप इंजिनलाच लागून असतो, तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. मुंबईचे टॅक्सीवाले वर्षानुवर्षं हेच करत आले. फडक्याने पाच-दहा मिनिटांत चालू झाली तर निदान पक्कं, पण रोज फडकं टाकणं हा इलाज नव्हे, पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या आणि पंपाखाली जाड पॅकिंग द्या.

आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आलंय, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे पेट्रोलचे पाइप इथेनॉलला चालणारे बघून बदला. होजला नुसता हात लावून चिकट लागला तरी बदला, गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी जळते.

दुसरं इंजिन टाकू का?

हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. मारुतीचं टाक, डिझेल टाक, मायलेज मिळेल. माझं मत स्पष्ट आहे, १०८९ सीसीचं मूळ इंजिन दुरुस्त होत असेल तर तेच ठेवा. एक तर कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं, इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. रंग बदलला तरी आरसीवर चढवावा लागतो. दुसरं म्हणजे २०२१ च्या जुलैपासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे, नंबरात व्हीए अक्षरं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर ती बसत नाही. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे आधी ठरवून घ्या. आमच्या गाडीला ५० व्हायला अजून थोडा वेळ आहे, पण तो रस्ता मी बंद करून टाकणार नाही.

या इंजिनचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आहे आणि ब्लॉक बिडाचा. नुसतं नळाचं पाणी घालून चालवलं की हेड आतून खाऊन जातं, कूलंट घाला. हेडचे नट मधून सुरू करून बाहेर, टॉर्क रेंचनेच, दोन-तीन टप्प्यांत. अंदाजाने पाना ओढला तर आटे जातात.

पार्टसाठी कुर्ल्याचं भंगार आणि पुण्याचा जुना बाजार अजून उपयोगी आहे, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून माल आटत चाललाय. गाडीतून निघालेला कुठलाही जुना पार्ट नवा बसून हजार किलोमीटर होईपर्यंत फेकू नका. मी जुने दरवाजाचे लॉक भंगारात दिले, नवे डुप्लिकेट सहा महिने पण टिकले नाहीत. गिअर अडकतो म्हणून गिअरबॉक्स उघडण्याआधी स्टिअरिंगखालच्या लिंकेजचे बुश बघा, बऱ्याच वेळा तेच झिजलेले असतात.

गेल्या दिवाळीत गाडी कराड-पाटणवरून चिपळूणला नेली. कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला, ड्रम तापू दिले नाहीत. काका अंगणात थांबलेच होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, रंगाकडे बघितलंही नाही, बॉनेट उघडायला लावलं, डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवला आणि म्हणाले, "पॉइंट कधी साफ केलेस रे?"