प्रश्नावली फसली, तेव्हा काय केलं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) मी पदवीचा प्रकल्प केला. विषय घेतला होता 'कामगारांच्या समस्या'. त्यात महिना गेला, हाती काहीच लागलं नाही. मग तो एकाच प्रश्नावर आणला: फेटलिंग विभागात, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथे, कामगार मास्क का वापरत नाहीत? कास्टिंग (ओतलेला भाग) घासताना वाळूची बारीक धूळ उडते आणि तिच्यातल्या सिलिकाने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, तो होता. फुफ्फुसं एकदा खराब झाली की पूर्ववत होत नाहीत.

पहिल्या प्रश्नावलीत सगळ्यांनी 'मास्क वापरतो' यावर खूण केली. चहाच्या वेळी एक मामा म्हणाले, "साहेब हुबे असताना खरं कसं सांगू रे पोरा?" ते कागद मी बाजूला ठेवले. परवानगी घेऊन आठवडाभर दर अर्ध्या तासाला नुसतं पाहून नोंद केली: किती जणांच्या तोंडावर मास्क, किती जणांच्या गळ्यात. नावं लिहिली नाहीत. मग पाळी सुटल्यावर गेटबाहेर, कुणाला मराठीत, कुणाला कन्नडमध्ये, एकच विचारलं: "मास्क कधी काढता?" उत्तरं आली: घामाने तो भिजतो, श्वास कोंडतो, आणि दुसरा हवा तर स्टोअरपर्यंत जावं लागतं. दुपारनंतर मास्क गळ्यातच जास्त दिसल्याच्या माझ्या नोंदींशी हे नेमकं जुळलं.

लिहिताना आधी नोंदींचा तक्ता, मग कारणं, मग शिफारस: जेवणाच्या सुट्टीनंतर नवा मास्क कामाच्या जागेवरच द्यावा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली.